पावसाळ्यात डीटीएफ प्रिंट बिघडतेय? आधी हे बघा

गणपतीच्या तोंडावर मंडळांच्या टी-शर्टची ऑर्डर येते आणि नेमकी तेव्हाच मशीन रुसते, म्हणून लिहितोय. डीटीएफ म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापायचं, त्यावर चिकटणारी पावडर टाकून वितळवायची आणि मग हीट प्रेसने कपड्यावर उतरवायचं.

सगळ्यात जास्त त्रास पांढऱ्या शाईचा. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड, त्यामुळे मशीन दोन दिवस बंद राहिली की तळाशी बसतं आणि प्रिंट हेडचे नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, चोक होतात. रोज सकाळी शाई हलवायची, नोझल चेक (चाचणीच्या रेषांची प्रिंट) काढायचा, रेषा तुटलेल्या दिसल्या तर हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा, तरी नाही आलं तर तासभर थांबा, सारखं क्लीनिंग मारून शाई वाया जाते आणि हेडचीही वाट लागते.

पावडर नको तिथे चिकटतेय? फिल्मने दमट हवा ओढलीय. पाकीट उघडं टाकू नका, खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. माझा निम्मा त्रास आर्द्रता मोजणाऱ्या एका साध्या हायग्रोमीटरने गेला, खरंच घ्या.

धुतल्यावर प्रिंट निघते म्हणजे बहुतेक वेळा पावडर कच्ची राहिलेली असते. नीट वितळलेली पावडर साखरेसारखी खरखरीत दिसत नाही, संत्र्याच्या सालीसारखी चकाकते. मग कपडा आधी ५ सेकंद नुसताच दाबून ओल घालवा, १५० ते १६० डिग्रीला १५ सेकंद प्रेस करा, कोल्ड पील (गार झाल्यावर सोलायची) फिल्म असेल तर पूर्ण गार होऊ द्या, घाई नको, मग फिल्म सोला आणि वरून बटर पेपर ठेवून परत १० सेकंद दाबा.