जनरेटरचं व्होल्टेज पडतंय? स्क्रू पिळण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो तो दुपारी साडेबारा ते तीन. ठाण्यात घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत, सेटबाहेर कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅन उन्हात उभ्या असतात, आत एसी घरघरतो आणि बंद पडतो. मग फोन येतो, "दादा, जनरेटर व्होल्टेज देत नाय." २०२१ साली राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर हौशी मोटरहोमवालेही माझ्या वागळे इस्टेटच्या गाळ्यासमोर गाड्या लावायला लागले. गाड्या निराळ्या, माणसं निराळी, चुका त्याच. बावीस वर्षं तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

व्होल्ट बघायचे आणि हर्ट्झ सोडून द्यायचे

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, त्यामुळे हिच्यावर जरा जास्तच बोलणार.

आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये बहुतेक वेळा दोन पोलचा (चुंबकाचे दोन ध्रुव असलेला) ऑल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारा भाग, असतो. तो मिनिटाला ३००० फेरे फिरला की ५० हर्ट्झ मिळतात. चार पोलचा असेल तर १५०० फेरे पुरतात. म्हणजे हर्ट्झ हा सरळसरळ इंजिनाचा वेग झाला. व्होल्टेजचं तसं नाही. ते इंजिनामुळेही पडतं आणि ऑल्टरनेटरमुळेही, आणि नुसते व्होल्ट बघून चोर कोण ते कळत नाही. हर्ट्झ बघितले की अर्धं काम तिथेच होतं. लोड टाकल्यावर व्होल्टबरोबर हर्ट्झही खाली आले, तर इंजिन दमलंय: एअर फिल्टर, पेट्रोल, कार्ब्युरेटरचा जेट, नाहीतर लोडच झेपत नाहीये. हर्ट्झ ५० ला ठाम आणि व्होल्ट १९०, तर इंजिनाने तुमचं काही बिघडवलेलं नाही, त्याला हात लावू नका.

पण लोक काय करतात? मीटरवर १९० दिसले की हातात पाना घेतात आणि इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळतात. वेग वाढतो, व्होल्ट वाढतात, आणि साहेब खूश.

चार वर्षांपूर्वी ओवळ्याच्या पुढे एका सेटवर मला बोलावलं होतं. दोन खोल्यांची व्हॅनिटी, मागच्या डिकीत ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. मी पोचलो तर सेटवर वेगळंच भांडण चालू. साउंडवाला ड्रायव्हरवर ओरडत होता, "सकाळपासून तुझी मशीन वेगळ्या सुरात रडतेय, मला डायलॉगमध्ये येतेय." ड्रायव्हर म्हणाला, "कायपण काय, तीच मशीन, तोच आवाज." साउंडवाल्याचा कान खरा होता. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरने एसी चालू ठेवून, मीटरवर २३० येईपर्यंत स्क्रू पिळला होता. मी माझा मीटर लावला, व्होल्ट २२९, अगदी छान. बटण दाबून हर्ट्झवर घेतला, ५५. म्हणजे ३००० फेऱ्यांची मशीन ३३०० ने पळत होती. हे मी त्याला समजावतोय तेवढ्यात आत खोली थंड झाली आणि एसीचा कॉम्प्रेसर कटऑफ झाला. लोड एकदम उतरला, इंजिनाने उसळी मारली, मीटर २६८ वर गेला. आतून मेकअपवाल्या ताईंचा आवाज आला, "अहो, आरशाचे दिवे!" आरशाभोवतीचे एलईडी बल्ब एकामागून एक विझत होते. दहातले सहा गेले, बॅटरीचा चार्जरही गेला.

मूळ दुखणं काय होतं? ती मशीन कंडेन्सरवाली, म्हणजे एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) नाही, कार्बन ब्रश नाहीत, स्टेटरच्या एका वेगळ्या वायंडिंगला लावलेला कंडेन्सरच व्होल्टेज उभं करतो. अशा मशीनमध्ये वेग थोडा वाढला तरी व्होल्टेज दणकन वाढतं, म्हणूनच पिळलेल्या स्क्रूने एवढा घोळ घातला. कंडेन्सरवर छापलेलं ३१.५ मायक्रोफॅरड, मीटरवर आले १९. तीनशे रुपयांच्या आतला कंडेन्सर बदलला, स्क्रू मागे घेतला, रिकाम्या, म्हणजे लोड नसलेल्या मशीनला ५२ हर्ट्झ ठेवले. एसी लावल्यावर ५०.५ हर्ट्झ आणि २२६ व्होल्ट. वीस मिनिटांचं काम. बिल मात्र आरशाच्या दिव्यांचं आणि चार्जरचं आलं, आणि ते शेठने ड्रायव्हरच्या पगारातून कापलं, जे मला अजिबात पटलं नाही.

इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. साध्या गव्हर्नरचं इंजिन रिकामं असताना ५२ च्या आसपासच ठेवायचं असतं, लोड आला की ते ५० ला उतरतं. रिकाम्या मशीनवर ५२ बघून "जास्त झालं" म्हणत स्क्रू मागे घेणारेही मला भेटतात. आणि कंडेन्सर काढण्याआधी मशीन बंद करा, मग त्याची दोन टोकं एखाद्या जुन्या फिलामेंटच्या बल्बने जोडून रिकामा करा. बंद मशीनचा कंडेन्सरही झटका देतो. मी तो खाल्लाय.

एव्हीआरवाल्या मशीनमध्ये गंमत उलटी. बऱ्याच एव्हीआरमध्ये हर्ट्झ ४७-४८ च्या खाली गेले की ते मुद्दाम व्होल्टेज उतरवतात, वायंडिंग जळू नये म्हणून. म्हणजे एव्हीआर आपलं काम चोख करतोय, इंजिन हळू पडलंय, आणि आपण नवीन एव्हीआर घ्यायला मुंबईच्या बाजारात, लोहार चाळीत निघालोय.

पहिला संशय एव्हीआरवर

एव्हीआर जातात, नाही असं नाही. पण माझ्याकडे "एव्हीआर गेला" म्हणून आलेल्या मशीनमध्ये पहिल्यांदा मी कार्बन ब्रश काढून बघतो. होल्डरमध्ये अडकलेला कार्बन, तो जिच्यावर घासतो ती काळी पडलेली स्लिप रिंग, ढिली स्प्रिंग, एवढंच निघतं बरेचदा. रिंग बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसायची. एमरी पेपर वापरू नका, त्याची कणी रिंगवर बसते आणि नवा कार्बन खाते. मशीन पावसाळाभर बंद राहिली असेल आणि मीटर फक्त दोन-चार व्होल्ट दाखवत असेल, तर रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व गेलंय. ते १२ व्होल्टच्या बॅटरीने परत देता येतं, पण एव्हीआर सोडवून, प्लस-मायनस नीट बघून, दोन-तीन सेकंदच. व्हिडिओ बघून एव्हीआर न काढता बॅटरी लावणाऱ्यांना मात्र खरोखरच नवा एव्हीआर घ्यावा लागतो.

मीटर एकाच जागी लावून निकाल द्यायचा

माझी दुसरी लाडकी चूक.

नौपाड्यातले एक काका, बँकेतून निवृत्त, ट्रॅव्हलर घेऊन आतून सुंदर मोटरहोम बनवलेली. ओटा, गॅस, फोल्डिंग पलंग, वर एसी. जनरेटर बाजूच्या पेटीत. तक्रार अशी की एसी चालू होताना हुंकारतो आणि ट्रिप होतो. कुणी सांगितलं म्हणून काकांनी एव्हीआर बदलला. मग दुसरा कुणी म्हणाला स्टॅबिलायझर लावा, तोही लावला. तरी तेच. माझ्याकडे आले तेव्हा वैतागून म्हणाले, "आता जनरेटरच बदलू का हो?"

मी म्हटलं, काका, आधी चहा घ्या. एसी चालू ठेवून जनरेटरच्या टर्मिनलवर मीटर लावला, २२८. एसीच्या एमसीबीवर लावला, २११. सतरा व्होल्ट वाटेत गेले. जनरेटर देत होता, गाडी खात होती. आता वाटेतला चोर शोधायचा. यासाठी मी फेज-न्यूट्रलमध्ये मीटर लावत नाही. लोड चालू असताना एकाच वायरच्या दोन टोकांना लावतो, स्विचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं ठीक असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवा. चेंजओव्हरच्या, म्हणजे जनरेटर की बाहेरची लाइन ते बदलणाऱ्या स्विचच्या, न्यूट्रलवर १२ व्होल्ट आले.

मशीन बंद करून झाकण उघडलं. काळ्या वायरचं इन्शुलेशन टर्मिनलपाशी तपकिरी होऊन फुगलेलं, जळक्या प्लास्टिकचा तो ओळखीचा वास, आणि स्क्रू नुसत्या बोटाने अर्धा फेरा फिरला. एसी ९ अँपिअर घेत होता. १२ व्होल्ट गुणिले ९ म्हणजे १०८ वॉट, शंभराचा बल्ब त्या बंद डबीत कोंडून ठेवल्यासारखं. आणि हे एसी चालू असतानाचं. कॉम्प्रेसर उठताना तीन-चार पट करंट ओढतो, तेव्हा तोच एक स्क्रू ४०-५० व्होल्ट गिळतो. हुंकारणार नाही तर काय करणार.

स्क्रू ढिला का झाला? फॅब्रिकेटरने घरात घालतात तशी वायर, टोकाला लग (धातूची टोपी) न लावता, पिळून स्क्रूखाली घातलेली. घराची भिंत हलत नाही. गाडी मात्र गायमुखच्या घाटातून, खड्ड्यांतून रोज हलते. गाडीत बहुतारी वायर, दाबून बसवलेला लग आणि खाली स्प्रिंग वॉशर, याला पर्याय नाही. उरलेले पाच व्होल्ट बारीक वायरमध्ये जात होते, तीही बदलली. स्टॅबिलायझर काढून काकांच्या हातात दिला.

स्टॅबिलायझरबद्दल माझं मत कडक आहे. पुढे व्होल्टेज वाढवून द्यायचं तर तो मागून जास्त करंट ओढतो. त्या जास्त करंटने ढिला स्क्रू आणखी तापतो, दमलेली मशीन आणखी दमते. दुखणं लपतं आणि वाढतं. महावितरणच्या लाइनवर लावा हवा तर.

सेटवर मोठ्या जनरेटर व्हॅनमधून थ्री फेज घेत असाल आणि एका खोलीत पंखा रेंगाळतोय, दुसरीत दिवे डोळ्यांत घुसतायत, तर व्होल्ट मोजत बसू नका. न्यूट्रल सुटतोय. आधी मेन पाडा, मग विचार करा.

बाकीच्या, पटापट

गुंडाळलेली केबल. ३० मीटरची दीड स्क्वेअर एमएमची केबल म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, साधारण ०.८ ओहम. १२ अँपिअरला नऊ-दहा व्होल्ट तिथेच गेले. वर ती रीलवर गुंडाळलेली ठेवली की तापते, वितळतेही. ४ स्क्वेअर एमएमची घ्या आणि पूर्ण उलगडा.

स्वस्त मीटर. छोट्या जनरेटरचा वेव्ह वेडावाकडा असतो, साधा मीटर त्यावर चुकीचा आकडा दाखवतो. ट्रू आरएमएस लिहिलेला, हर्ट्झचं बटण असलेला मीटर घ्या. एसीत लाखभर घालणारे लोक मीटरवर हजार रुपये वाचवतात, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

इन्व्हर्टर जनरेटर. इथे वर सांगितलेलं स्क्रू-पुराण विसरा. इंजिन लोडप्रमाणे वेग बदलतं आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आतलं इलेक्ट्रॉनिक्स बनवतं. गव्हर्नरला हात लावलात तर फक्त वॉरंटी जाईल. एसी लावण्याआधी इको स्विच बंद करा, बस.

सगळं एकदम चालू करणं. आधी मशीन दोन-तीन मिनिटं रिकामी तापू द्या, मग एसी, तो स्थिरावला की बाकीचं. गीझर आणि एसी एकत्र लावून "५ केव्हीए लिहिलंय ना" म्हणू नका. ५ केव्हीए म्हणजे फार तर २१-२२ अँपिअर, आणि कॉम्प्रेसर उठताना एकटाच त्याच्या पलीकडे जातो.

महाबळेश्वर. इथे ठाण्यात उत्तम चालणारी मशीन तिथे दमते आणि लोक मला फोन करतात. उंची सुमारे १३५० मीटर, हवा विरळ. दर ३०० मीटरला साधारण तीन-साडेतीन टक्के ताकद जाते, म्हणजे तिथे पंधरा टक्के कमी धरा. बिघाड नाही तो. एक उपकरण बंद करा आणि थंड हवा खा, त्यासाठीच गेलायत ना.

जुनं पेट्रोल. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात दोन महिने टाकीत राहिलं की खाली पाणी बसतं, इंजिन धापा टाकतं, व्होल्टेज वर-खाली नाचतं. मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.

आणि एक, जिथे मी आवाज चढवतोच. जनरेटरची पेटी तापते, मशीन दमते, म्हणून काही जण पेटीची आतली झडप उघडी ठेवतात किंवा जनरेटर काढून खिडकीखाली लावतात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघेजण मृत सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. त्याला वास नसतो. पेटीला हवा बाहेरून द्या, धूर लांब सोडा, आत सीओ अलार्म लावा. अलार्म नसलेल्या गाडीच्या जनरेटरचं काम मी गेल्या वर्षापासून घेत नाही. गिऱ्हाईकं तुटली दोन-तीन, तुटू देत.

मला फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहा: रिकाम्या मशीनचे व्होल्ट आणि हर्ट्झ, एसी चालू असतानाचे व्होल्ट आणि हर्ट्झ, दोन्ही जनरेटरच्या टर्मिनलवर, आणि एसीच्या एमसीबीवर किती येतात ते. निम्म्या वेळा मला यायची गरजच पडत नाही. टाकीत पेट्रोल कधी भरलं होतं तेही लिहा. "परवाच" असं सगळेच सांगतात.