पुस्तक सुचवाल तेव्हा पाऊसही सांगा

गरजा कमी ठेवून, जमेल तेवढं स्वतः पिकवून आणि हातानं बनवून जगणारी माणसं एकमेकांना पुस्तकं फार सुचवतात. मी कणकवली तालुक्यात राहते. आमच्या ओळखीतल्या अशा घरांमधून, काही कोकणातली, काही घाटावरची, पुस्तकं फिरवायचं काम माझ्याकडे आहे. त्यावरून माझं मत ठाम झालंय: नुसतं 'हे वाचाच' म्हणून पुस्तक हातात देऊ नका. तुमच्याकडे पाऊस किती, जमीन कशी, घरात खाणारी माणसं किती आणि वाचून तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत, एवढं सोबत सांगा.

जपानी शेतकरी मसानोबु फुकुओकांचं 'वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन' घ्या. 1975 साली जपानीत आलेलं, 1978 मध्ये इंग्रजीत. नैसर्गिक शेतीकडे वळणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हेच देतं, आणि द्यावंच असं पुस्तक आहे ते. पण ती शेती शिकोकू बेटावरची. भात निघाला की त्याच खाचरात हिवाळी धान्य, खाली क्लोव्हर या द्विदल चाऱ्याचं आच्छादन, आणि भाताचा सगळा पेंढा न कापता परत शेतात. तिथे हिवाळ्यातही पाऊस येतो. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण दिवाळीनंतर आभाळ कोरडं, मग दुसरं पीक पाण्याची सोय असेल तिथेच. घाटावर तर प्रश्नच वेगळा. खानापूर तालुक्यातल्या एका काकांनी हे पुस्तक वाचून परत पाठवताना आत चिठ्ठी ठेवली होती:

'जमीन हलकी, मुरमाड. पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. दोन बैल, एक गाय. ज्वारीच्या एका पट्ट्यात कडबा न नेता तिथेच अंथरला. ओल जास्त दिवस टिकली, हे नक्की. पण उन्हाळ्यात कडबा विकत घ्यावा लागला. ज्याच्याकडे जनावरं नाहीत त्यानं सगळ्या पट्ट्यात कडबा अंथरावा. ज्याच्याकडे आहेत त्यानं बांधावरचं गवत आणि पालापाचोळा वापरावा, कडबा जनावरांना ठेवावा.'

ही चिठ्ठी माझ्या लेखी पुस्तकाइतकीच मोलाची आहे. जत-आटपाडीकडे कुणी ते पुस्तक मागितलं की मी चिठ्ठीसकट देते. सांगली जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जपानी पेंढ्याचं काय करायचं, हे काकांनी चार ओळींत सांगून ठेवलंय.

अशी चिठ्ठी लिहायची सवय लावणं हेच या कामातलं मुख्य कसब. लोक सुरुवातीला 'खूप प्रेरणादायी' असं लिहून पाठवतात. त्यांना मी फोन करून विचारते, वाचून झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय केलंत? उत्तर आलं की तेच कागदावर घ्यायचं. काही केलं नसेल तर तेही लिहायचं, त्यात कमीपणा नाही. आणि जे जमलं नाही, ते आवर्जून लिहायचं. जमलेल्या गोष्टी पुस्तकात असतातच.

पुस्तक लिहिणारा कोणत्या परिस्थितीत जगत होता, हेही आधी सांगावं. अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी स्वतः घर बांधून राहिलेल्या हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'चा दुर्गाबाई भागवतांनी केलेला अनुवाद आहे, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. त्यातला घर बांधण्याचा हिशोब मला फार आवडतो: फळ्या, विटा, चुना, खिळे, एकूण 28 डॉलर आणि साडेबारा सेंट. आमच्यातल्या दोन घरांनी तो वाचून स्वतःच्या खर्चाची वही सुरू केली. पण हे पुस्तक लहान मुलं असलेल्या जोडप्याला देताना मी तिथेच सांगते, की तो एकटा माणूस होता, जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, आणि तो तिथे सव्वादोन वर्षांच्या आतच राहिला. हे माहीत असलं की हिशोब मनाला लागत नाही, उपयोगी पडतो.

शेतीबाबत आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांचं काम आहे. कोल्हापूरचे हे गणिताचे शिक्षक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकरी स्वतःच्या रानात प्रयोग करायचे आणि एकमेकांना कळवायचे. द्राक्षबागायतदारांनी त्यातून काय मिळवलं ते तासगाव भागात आजही सांगतात. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचं कसं भागेल, पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब कसा मांडायचा, हे त्यांच्या 'प्लेंटी फॉर ऑल'मध्ये आहे. पुस्तक इंग्रजी, त्यात आकडेमोड. म्हणून हे एकट्याला देऊ नका. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत, अशा दोघांना मिळून द्या. आमच्याकडे एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आजी असं वाचतात. मुलगी थांबून समजावू लागली की आजी म्हणते, "तू वाच गो, मी आयकतंय." परसात आळी कुठे खणायची ते मात्र आजीच ठरवते.

संडासाच्या खताबद्दल विचारणारे नवे लोक वाढलेत, विशेषतः शहरातून गावी परतलेले. त्यांना मी आधी तांत्रिक पुस्तिका देत नाही, अप्पासाहेब पटवर्धनांची 'माझी जीवनयात्रा' देते. कणकवलीचा गोपुरी आश्रम त्यांचाच. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागून, ते मिळेना म्हणून या माणसानं उपोषण केलं. पुढे मैल्याचं सोनखत करण्यावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. मनातली किळस गेल्याशिवाय खड्ड्याचं माप सांगून काही होत नाही, असा माझा अनुभव आहे.

अगदी नवख्याला दिलीप कुलकर्णींचं 'निसर्गायण' द्यावं. इंजिनिअरची नोकरी सोडून दापोली तालुक्यातल्या कुडावळ्यात साधेपणानं राहिलेल्या माणसाचं, मराठीत विचार केलेलं पुस्तक. आणि ज्यांना स्वयंपाकघरापासून सुरुवात करायची आहे त्यांना कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', 1970 पासूनची. मापं वाटी-चमच्याची, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. लोणची, पापड, सांडगे घरी व्हायला लागले की बाजारातून येणाऱ्या पिशव्या लगेच कमी होतात. लोक हे पुस्तक या यादीत धरत नाहीत. मी धरते.

पुस्तकं फिरवायला कोकणात दसऱ्यापासून मेपर्यंतचा काळ बरा. पावसात बुरशी धरते, कसर लागते. मिरगाच्या आधी सगळी पुस्तकं परत मागवून कडक उन्हात नको, पण सावलीच्या वाऱ्याला पसरायची, मग वेखंडाचे तुकडे घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. त्याच वेळी चिठ्ठ्या काढून जाड वहीत डकवायच्या, एका पुस्तकाला चार कोरी पानं सोडून. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसेल तर तेव्हाच घालून घ्या. घाटावरच्या घरांची पुस्तकं मात्र तिथेच राहू द्या, त्यांच्याकडे वाचायला फुरसत ज्वारी काढल्यावरच मिळते, आणि तोवर आमच्याकडे आंब्याची घाई सुरू झालेली असते.