जुने चित्रपटगृह पाडले जाण्याआधी काय करावे

गिरगावातील ज्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि ज्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली 'आलम आरा'मुळे बोलपटाचे युग सुरू झाले, ती दोन्ही चित्रपटगृहे आज अस्तित्वात नाहीत. पुण्यातील पहिले चित्रपटगृह मानले जाणारे आर्यनही पाडले गेले. भारतीय चित्रपटांच्या जन्मभूमीत ज्या वास्तूंनी हा इतिहास घडताना पाहिला, त्या आपण सांभाळल्या नाहीत, ही वेदनेची गोष्ट आहे. तरीही अनेक जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या ठिकाणी एखादे जुने टॉकीज अद्याप उभे आहे, आणि ते वाचवू इच्छिणाऱ्या नागरिकांनी कामाला कोठून सुरुवात करावी, हे येथे मांडले आहे.

पहिली गोष्ट वेळेची. पाडकामाचे यंत्र दारात येते तो शेवटचा टप्पा असतो. त्याच्या कितीतरी आधी छप्पर गळू लागलेले असते, परवान्याचे नूतनीकरण राहून गेलेले असते आणि वारसांमध्ये मतभेद झालेले असतात. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. परंतु त्यामागे गोंडलच्या राजघराण्याची मालकी, कुशल वास्तुसंवर्धक आणि मोठा खर्च उभा होता. असे पाठबळ गावच्या टॉकीजला क्वचितच मिळते. म्हणून चित्रपटगृह चालू असताना, निदान बंद पडल्यावर पहिल्याच पावसाळ्यापूर्वी, हालचाल केली पाहिजे.

आधी कागद

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. तिच्यावरून जमीन कोणाची आहे, भाडेपट्टा आहे काय, वारसांची नावे लागली आहेत काय आणि बँकेचा बोजा आहे काय, हे समजते. चित्रपटगृह चालवणारा आणि इमारतीचा मालक हे बहुतेकदा निरनिराळे असतात, हे विसरू नये. पुण्यातील प्रभात टॉकीज हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९३४ साली किबे लक्ष्मी या नावाने सुरू झालेली ही वास्तू पिढ्यान्‌पिढ्या प्रभात म्हणूनच ओळखली गेली आणि २०१४ च्या अखेरीस किबे कुटुंबाकडे परत गेल्यावर तिला जुने नाव पुन्हा मिळाले. ज्याच्या हातात निर्णय नाही अशा चालकाशी वर्षभर चर्चा करून काहीही साधत नाही.

यानंतर परवान्याची फाईल पाहावी. चित्रपटगृहाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडून दिला जात असे, आणि त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याचे व विद्युत निरीक्षकाचे दाखले जोडावे लागत. त्यामुळे या फाईलमध्ये मूळ नकाशा, आसनसंख्या, बाल्कनीचा छेद (उभा काप दाखवणारा नकाशा) आणि वास्तुविशारदाचे नाव सापडण्याचा संभव असतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करताना 'सर्व माहिती' न मागता चित्रपटगृहाचे नाव, सिटी सर्व्हे क्रमांक आणि अंदाजे कालखंड लिहून फाईलचे अवलोकन मागावे. प्रत्यक्ष पाहिल्यावर कोणत्या पानांच्या प्रती घ्यायच्या, हे ठरवता येते.

वास्तुविशारदाचे नाव मिळणे फार मोलाचे असते. मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहाच्या अंतर्भागाचे रचनाकार वामन नामजोशी यांनीच जयपूरच्या राजमंदिर चित्रपटगृहाची रचना केली. एका नावामुळे दोन दूरच्या वास्तू एकाच परंपरेत येऊन बसतात आणि महत्त्व पटवून देणे सोपे होते. या माहितीच्या आधारे दोन पानांचे महत्त्व-निवेदन तयार करावे. वास्तू केव्हा बांधली, कोणी बांधली, तिच्यातील कोणते भाग मूळचे आहेत आणि गावाच्या जीवनात तिचे स्थान काय होते, इतके त्यात असावे. भावनेने भरलेली दहा पाने कोणताही अधिकारी वाचत नाही.

मालकाशी बोलणे

मालकाला खलनायक ठरवून सुरू झालेली मोहीम सहसा पाडकामानेच संपते. आठशे-हजार आसनांच्या सभागृहात दुपारच्या खेळाला तीस प्रेक्षक येतात, वीजबिल आणि मालमत्ता कर मात्र थांबत नाही, आणि बाजारपेठेतल्या त्या जागेचा भाव दरवर्षी चढतो. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर देणारा प्रस्ताव हाती असल्याशिवाय मालकाकडे जाऊ नये.

एक मार्ग म्हणजे मुख्य सभागृहाचे आकारमान कायम ठेवून आसने कमी करणे, त्यांमधील अंतर वाढवणे आणि उरलेल्या जागेत मूळ रचनेला धक्का न लावता पुढे काढून टाकता येतील असे बदल करणे. दर्शनी भागात दुकाने असतील तर त्यांचे भाडे वाढवून घेता येते. सकाळच्या वेळेत व्याख्याने, शाळांचे कार्यक्रम, गायनाच्या मैफली आणि चित्रपट महोत्सव ठेवता येतात. लिबर्टीने याच प्रकारे महोत्सवांना आणि कार्यक्रमांना आपले दार उघडे केले. मुंबईच्या वारसा नियमांत, विकासाला परवानगी नाकारल्यामुळे मालकाचे नुकसान होत असल्यास विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजेच टीडीआरची, तरतूद केलेली आहे. आपल्या शहराला लागू असलेल्या नियमावलीत अशी तरतूद आहे काय, हे नगररचना कार्यालयात विचारून मगच तो विषय मालकापुढे काढावा.

काय वाचवायचे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. केवळ दर्शनी भिंत ठेवून मागे व्यापारी संकुल उभारणे म्हणजे चित्रपटगृहाचे जतन नव्हे. १९३८ साली सुरू झालेल्या मुंबईच्या मेट्रो सिनेमाचे २००६ मध्ये बहुपडदा चित्रपटगृह झाले, आणि १९३८ मध्येच सुरू झालेले तेथील इरॉस दीर्घकाळ बंद राहून २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झाले. या तडजोडी झाल्या नसत्या तर कदाचित काहीच उरले नसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि जेथे मूळ सभागृह, बाल्कनी आणि पडद्याभोवतीची सजावट शाबूत आहे, तेथे पहिली मागणी संपूर्ण सभागृहाचीच असावी.

वारसा यादी आणि धोकादायक इमारतीची नोटीस

केंद्रीय पुरातत्त्व कायद्यात स्मारकासाठी शंभर वर्षांची अट आहे, आणि आपली बहुतेक चित्रपटगृहे तेवढी जुनी नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या चौकटीतील नागरी वारसा यादी हा त्याहून जवळचा मार्ग आहे. मुंबईत या यादीतील वास्तूंची श्रेणी एक, श्रेणी दोन-अ, दोन-ब आणि श्रेणी तीन अशी विभागणी आहे. यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते. ती मुदत चुकवू नये, आणि आपले महत्त्व-निवेदन छायाचित्रांसह त्याच वेळी दाखल करून पोच घ्यावी. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात १९३३ चे रीगल व १९३८ चे इरॉस ही चित्रपटगृहे आहेत. चित्रपटगृह ही काय वारसा वास्तू असते, असे कोणी विचारल्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

पाडकामाची वाट अनेकदा संरचनात्मक तपासणीच्या अहवालातून निघते. मुंबईत सी-१ वर्गातील इमारत रिकामी करून पाडण्याजोगी समजली जाते, तर सी-२ वर्गात दुरुस्ती शक्य असते. मालकाचा आणि भाडेकरूंचा अहवाल परस्परविरोधी असल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. म्हणून नोटीस लागताच दुसऱ्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, मात्र तो जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला असावा. केवळ नव्या काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता चुन्यातल्या भिंतीला सहज धोकादायक ठरवतो.

छप्पर, पाणी आणि गिलावा

पैसा थोडा असेल तर तो आधी छपरावर खर्च करावा. सभागृहात खांब नसावेत म्हणून छप्पर लांब पल्ल्याच्या लोखंडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, पेललेले असते, आणि या कैच्यांची टोके भिंतीत जेथे रुततात नेमके तेथेच पन्हळीचे पाणी मुरते. पन्हळीत पिंपळाचे रोप आणि कबुतरांची विष्ठा साचली की पाणी आतल्या बाजूला वळते, पीओपीच्या छतावर आधी तपकिरी वलय उमटते आणि एक-दोन पावसाळ्यांत छताचा तुकडा खाली येतो. मे महिन्यात पन्हळ स्वच्छ करणे, रोपे केवळ तोडून न टाकता मुळासकट काढणे, निखळलेले पत्रे बसवणे आणि पाऊस सुरू असताना माळ्यावर चढून गळती प्रत्यक्ष पाहणे, एवढे दरवर्षी झाले तरी इमारतीचे आयुष्य वाढते. छताचे पत्रे सिमेंटचे जुने असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा दाट संभव असतो. ते फोडू किंवा कापू नयेत आणि जाणकार कंत्राटदाराकडूनच हाताळावेत.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नये, कारण त्यामुळे ओल आत कोंडली जाते. १९३० ते १९५० च्या दशकांतील काँक्रीटमध्ये सळई गंजून फुगते व पापुद्रे सुटतात. तेथे वरवर लिंपण न करता सळई उघडी करून, गंज काढून दुरुस्ती करावी लागते. रंगाचे काम काढण्यापूर्वी एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात पातीने पायरीपायरीने थर खरवडून लहानसा चौकोन करावा. वरच्या तेलकट रंगाखाली फिकट हिरवा, त्याखाली मोतिया आणि कोठे सोनेरी रेघ असे मूळ रूप त्या चौकोनात दिसते, आणि नवा रंग त्यावरून ठरवता येतो.

छपरानंतरचा खर्च वायरिंगवर करावा. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला, आणि बाहेर पडण्याच्या वाटा अडवणारी वाढीव आसने त्या हानीला कारणीभूत ठरली. वारशाच्या नावाखाली अग्निसुरक्षेत सूट मागणे सर्वथा अयोग्य आहे.

आत जे आहे ते

इमारतीचा निर्णय लागण्यापूर्वीच आतल्या वस्तूंची नोंद करावी. कार्बन आर्कचे प्रोजेक्टर, जाहिरातींच्या काचेच्या स्लाईड, हाऊसफुल्लचा फलक, तिकिटांचे गठ्ठे आणि रोजच्या उत्पन्नाच्या वह्या भंगारवाल्याकडे सर्वांत आधी जातात. जुने ऑपरेटर, डोअरकीपर आणि बुकिंग क्लार्क यांच्या मुलाखती त्यांच्याच जागी उभे राहून ध्वनिमुद्रित कराव्यात. यंत्रासमोर उभे राहिले की हातांना आठवते.

रिळे सापडल्यास विशेष काळजी घ्यावी. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा नाश सुरू झाला आहे असे समजावे. १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती भयंकर ज्वलनशील असते. ती प्रोजेक्टरवर चढवू नये, उन्हात ठेवू नये आणि १९६४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी तातडीने संपर्क साधावा.

सर्व प्रयत्न करूनही पाडकाम अटळ ठरले, तर पुनर्विकासाच्या मंजुरीत लहान चित्रपटगृह राखण्याची अट लागू होते काय, हे तपासून लेखी मागणी करावी. पाडकामापूर्वी वास्तुकला महाविद्यालयाच्या मदतीने मोजमापांसह नकाशे काढावेत, प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी ठेवून समोरून छायाचित्र घ्यावे, आणि हा संच नगरपालिका, शहरातील सार्वजनिक ग्रंथालय व मालक या तिघांकडे जमा करून प्रत्येकाची पोच आपल्याकडे ठेवावी.