मलेरियाचं प्रशिक्षण द्यायला युगांडातल्या गावात जाताना

हॉल, बॅनर, चहा-नाश्ता नंतर बघा. आधी किट मोजा. युगांडात गावोगावी व्हिलेज हेल्थ टीमचे स्वयंसेवक असतात, त्यांतले बरेच जण शेती सांभाळून हे काम करतात. नुसतं व्याख्यान ऐकून कुणाला बोट टोचता येत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने दोन-तीन टेस्ट करता येतील एवढी रॅपिड टेस्टची पाकिटं, लॅन्सेट (बोट टोचायची सुई), स्पिरिटचा कापूस, हातमोजे, सुया टाकायचा डबा आणि एक घड्याळ घ्या. पाकिटं तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका, आणि फोडण्याआधी एक्स्पायरी बघायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

स्पिरिट वाळल्यावरच टोचायचं. रक्त त्याच्या खाचेत, बफर म्हणजे किटमधलं द्रावण त्याच्या, थेंब मोजून. मग किटवर लिहिलं असेल तशी १५ किंवा २० मिनिटं थांबायचं. दारात रांग लागली की इथेच घाई होते. कंट्रोलची रेघ, म्हणजे टेस्ट नीट चालली हे दाखवणारी, नाही उमटली तर टेस्ट बाद. टेस्टची रेघ पुसट असली तरी पॉझिटिव्हच. अशा पुसट आणि बाद निकालांचे मोठे फोटो छापून न्या, त्यांवर हमखास वाद होतात.

हेल्थ सेंटरचे लॅबवाले येणार असतील तर त्यांना वेगळं बसवा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघायला लागणारा गिम्सा रंग, ७.२ पीएचचं बफर, भिंगाला लावायचं इमर्शन ऑइल आणि मुख्य म्हणजे वीज आहे का, ते आधीच विचारून घ्या. जाड स्मिअरची (काचेवरच्या रक्ताच्या जाड थराची) १०० फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे भाग, बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही.

माझं मत विचाराल तर निम्मा वेळ निगेटिव्ह निकालालाच द्या. आधी तपासणी, मग औषध, हे जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय. पण पोर तापाने फणफणलंय, आई गोळ्यांसाठी बसून आहे आणि टेस्ट निगेटिव्ह आली, की ‘असू दे, देऊन टाकू’ होतंच. तिला रिकाम्या हाताने पाठवणं कठीण असतं. म्हणून तापाची दुसरी कारणं बघायला श्वास मोजायचा टायमर, न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन, जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक सामानात हवंच. खोकला असलेलं २ ते ११ महिन्यांचं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांचं मूल ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर न्यूमोनिया धरायचा. एकाला हट्टी आई करून हा प्रसंग वठवून घ्या. त्यात धमाल येते आणि चुकाही उघड्या पडतात. उलट बाजूही सांगा: एचआरपी-२ (मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन) शोधणारी किट औषध घेतल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, तेव्हा अलीकडे उपचार झालेत का, हे विचारायचंच.

आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियाच्या गोळ्या वजनावर देतात, तेव्हा वजनकाटा विसरू नका. ३ दिवसांत ६ डोस, दुसरा पहिल्यानंतर ८ तासांनी, दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या खाण्याबरोबर. पहिला डोस समोर द्या. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा.

झटके येणारं, सगळं ओकणारं, शुद्ध हरपलेलं मूल गावात ठेवायचं नाही. ६ वर्षांखालच्या मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध देतात, पण तो फक्त दवाखान्यात पोचेपर्यंतचा आधार. तेव्हा रेफरलच्या कोऱ्या चिठ्ठ्या न्या आणि प्रत्येकाच्या वहीत रात्री उठून येईल अशा बोडा-बोडावाल्याचा (मोटरसायकल टॅक्सीवाल्याचा) नंबर लिहून घ्या.