पेशंटजवळ बसणाऱ्यांनी एवढं कराच

मी १९ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे, त्यातली शेवटची ७ इन्फेक्शन कंट्रोलला. बाहेर बाकड्यावर रात्र काढणारे नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘सिस्टर, आम्ही काय करायचं?’’ तुमच्या हातात बरंच आहे, म्हणून लिहिते.

आधी हात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास ही आमच्याकडची रोजची नावं. हे जंतू मुख्यतः हातांवरून फिरतात. ॲसिनेटोबॅक्टर तर कॉटच्या कोरड्या दांड्यावर कित्येक दिवस तग धरतो. तुम्ही दांडा धरता, मोबाईल काढता आणि त्याच हाताने बाबांचं तोंड पुसता. म्हणून अंगठी-घड्याळ आधी काढा. हिरव्या बांगड्या काढायला बायका कचरतात. मग निदान कोपराकडे मागे सारा. सॅनिटायझर थेंबभर नको, तळहात भरून घ्या. बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यात घासा, अंगठा मुठीत धरून फिरवा. बहुतेकांचे अंगठेच राहतात. हात आपोआप सुकेपर्यंत चोळा, २० ते ३० सेकंद लागतात. पेशंटला जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच हवं, कारण काही जंतूंचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. आत येताना आणि निघताना, दोन्ही वेळा. आम्ही विसरलो तर ‘‘सिस्टर, हात’’ म्हणा. मला तरी त्याचा कधी राग येत नाही.

ताप चढला की घरचे म्हणतात, ‘‘भारीतलं अँटिबायोटिक लावा.’’ त्याऐवजी विचारा, ‘‘कल्चर पाठवलं का?’’ कल्चर म्हणजे रक्तातले-लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी. शक्यतो पहिल्या डोसाआधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेतात, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. ‘‘आधीच अशक्त आहेत, किती रक्त काढता?’’ असं म्हणून हात धरू नका. कमी रक्त घेतलं तर जंतू हुकू शकतो. पेशंट अत्यवस्थ असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, लगेच औषध सुरू करतात. ते बरोबरच आहे.

पूर्ण रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांची यादी असते, पुढे ‘एस’ म्हणजे लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. शेजारच्या आकड्यांची आपसात तुलना करू नका. लहान आकडा म्हणजे जास्त चांगलं औषध, असं नसतं. मेरोपेनेम या भारीतल्या अँटिबायोटिकपुढेही ‘आर’ दिसलं तर बहुधा त्या जंतूकडे औषध फोडणारं एन्झाइम असतं. एनडीएम-१ हे त्यातलंच. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटच्या क्लेबसिएलात ते सापडलं, २००९ मध्ये तशी नोंद झाली. त्याचं जनुक एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीला देऊ शकतो. मग कोलिस्टिनसारखी मोजकी औषधं उरतात आणि कोलिस्टिन किडनीला त्रास देतं. उलट डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मेरोपेनेम बंद करून साधं औषध लावलं, तर ‘हलकं औषध का?’ म्हणून भांडू नका. नेम धरून दिलेलं आहे ते.

आता नळ्या. हे माझ्या घरी घडलंय. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं. लघवीची नळी नऊ दिवस तशीच राहिली, कुणी काढली नाही. पिशवी जमिनीवर टेकलेली मी स्वतः पाहिली, उचलून अडकवली, पण ‘नळी अजून कशाला?’ हे विचारलं नाही. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीत क्लेबसिएला, यादीभर ‘आर’. अजून मनाला लागतं ते. म्हणून राउंडला रोज विचारा: लघवीची नळी, मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आजही लागणार आहे का? पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता हवी. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना ती त्यांच्या पोटावर ठेवू देऊ नका. व्हेंटिलेटरवर असतील तर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे ना, तेही बघा. मनाई असेल तर तसं सांगतील.

घरी सोडताना कल्चरचे सगळे रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. औषधांना दाद न देणारा असा जंतू आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो. पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ आली, तर कॅज्युअल्टीत तोच कागद आधी दाखवा.