पिनकोडपासून मर्सेनपर्यंत: मूळसंख्या कशी तपासायची

सोलापूर शहराचे ४१३००१ ते ४१३००६ हे पिनकोड घ्या. सम असलेले आणि ५ ने संपणारा लगेच बाद. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तोही गेला. उरतो ४१३००३. त्याचं वर्गमूळ ६४२ आणि थोडं वर, म्हणजे ६४२ पर्यंतच्या मूळसंख्यांनीच भागून बघायचं. त्यापलीकडे भागत बसणं फुकट. ७, ११, १३ एकदमच उरकतात, कारण त्यांचा गुणाकार १००१: पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करा, ४१३ − ३ = ४१०. याला तिघांनीही भाग जात नाही, म्हणजे ४१३००३ लाही नाही. १७ ने बाकी ५. १९ ने मात्र नि:शेष: १९ × २१७३७. सहापैकी एकही मूळसंख्या नाही!

ही पद्धत सहा-सात अंकांपर्यंत ठीक. २०२४ मध्ये लूक ड्युरांट यांना गिम्प्स या मोठ्या मूळसंख्या शोधणाऱ्या संगणक प्रकल्पात सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिथे भागाकार करत बसणं अशक्यच. अशा, म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेल्या मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेहमर कसोटी आहे आणि ती छोट्या घातांकावर हातानेही जमते.

घातांक विषम मूळसंख्याच हवा. ७ घेऊ: २^७ − १ = १२७. सुरुवात ४ ने. दरवेळी वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा, म्हणजे इथे ५ वेळा. ४ नंतर १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, १२७ मूळसंख्या. बाकी काढायला भागाकार नकोच. ६७ × ६७ − २ = ४४८७; यात १२८ (म्हणजे २^७) पस्तीस वेळा आणि वर ७, तर ३५ + ७ = ४२. शेवटच्या पायरीला ही बेरीज ९६ + ३१ = १२७ येते. ते शून्यच धरायचं. बरेच जण इथे १२७ लिहून ‘नापास’ ठरवतात.

११ घातांकाला (२०४७) नवव्या वेळी १७३६ उरतात, म्हणजे ती मूळसंख्या नाही. पण एवढी आकडेमोड करायच्या आधी एक चाळणी लावा: घातांक विषम मूळसंख्या असला की मर्सेन संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक घातांकाच्या दुप्पटीच्या पटीपेक्षा एकने जास्त असतो. ११ साठी पहिलाच उमेदवार २३, आणि २३ × ८९ = २०४७.

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाच्या हिशेबाला वापरतात तो बारा आकडी कॅल्क्युलेटर घातांक १९ पर्यंत पुरतो. ३१ ला वर्ग १९ अंकांपर्यंत जातो. मोबाईलचा कॅल्क्युलेटर तिथे शेवटचे अंक गोळाबेरीज करून दाखवू शकतो, आणि एक अंक चुकला की पुढचं सगळं वाया. तिथून पुढे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो.