लाल भोपळा लपवून मऊ कुकीज: ज्वारीची उकड काढून

कुकीत भाजी घालताना खरी अडचण चवीची नसते, पाण्याची असते. लाल भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. तो किसून तसाच पिठात घातला, तर कुकीज फुगून केकसारख्या होतात, मधे ओलसर राहतात आणि डब्यात एकमेकींना चिकटतात. म्हणून इथे आधी भोपळ्याचा गर आटवायचा आणि त्यात उरलेला ओलावा ज्वारीच्या पिठाची उकड काढून धरून ठेवायचा. भाकरीसाठी उकड काढणाऱ्या सोलापूरच्या घरांत हे तंत्र वेगळे शिकवावे लागणार नाही.

साहित्य (साधारण ३० ग्रॅमच्या १८ कुकीज)

सोललेला, बिया काढलेला लाल भोपळा ३०० ग्रॅम
ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम
गव्हाचे पीठ १२० ग्रॅम
घट्ट साजूक तूप ८५ ग्रॅम
बारीक किसलेला गूळ ११० ग्रॅम
भाजून, सालं काढून भरड कुटलेले शेंगदाणे ४० ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा
मीठ दोन चिमटी, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, थोडे जायफळ

वजनकाटा वापराच. वाटीने मोजलेला गूळ दाबून भरला की सैल, यावर पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो.

ज्वारी मालदांडी वाणाची असेल तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नाही. पण इथे वाणापेक्षा पिठाचा ताजेपणा महत्त्वाचा. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापताना चिरते, तशीच कुकीही हातात घेताच भुगा होते. शिवाय जुने पीठ कडवटते. गिरणीतून आणून आठवडा उलटलेले पीठ यासाठी नको.

गर आणि उकड

भोपळ्याच्या फोडी कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवा आणि तीन शिट्ट्या काढा. सुटलेले पाणी निथळून टाका. फोडी मिक्सरमधून फिरवून चाळणीवर घासून घ्या. हा टप्पा टाळू नका, कारण मुलांना भोपळा ओळखू येतो तो चवीमुळे कमी आणि दाताखाली येणाऱ्या दोऱ्यांमुळे जास्त. मग गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. उलथन्याने मधून रेघ ओढली की ती दोन-तीन सेकंद तशीच राहिली पाहिजे. आता वजन १२० ग्रॅमच्या जवळ हवे. १५० भरले तर परत आचेवर ठेवा. जास्तीच्या पाण्यासाठी वरून पीठ वाढवलेत तर कुकी दडदडीत होईल.

गर वाफाळता असतानाच ज्वारीच्या पिठावर ओता, चमच्याने कालवा आणि झाकून दहा मिनिटे ठेवा. थंड गरात हे होत नाही. पिठातला स्टार्च उष्णतेने फुलतो, पाणी शोषतो आणि चिकटपणा देतो. ज्वारीत ग्लुटेन नसते. तिचे बांधणीचे काम इथे ही उकड करते. नंतर ती पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर तूप वितळेल.

पीठ भिजवणे

तूप आणि गूळ हाताने किंवा बीटरने रंग फिकट होईपर्यंत फेटा, पाचेक मिनिटे. गुळाचे खडे राहू देऊ नका. भाजताना ते वितळून तळाला काळे, चिकट डाग पडतात. त्यात उकड मिसळा, मग सोडा-पावडरसह दोनदा चाळलेले गव्हाचे पीठ, मीठ, वेलची, जायफळ आणि शेंगदाणे. पीठ एकत्र आले की थांबा. पोळीच्या कणकेसारखे मळलेत की कुकीज चिवट होतात.

गोळा झाकून फ्रीजमध्ये ४५ मिनिटे ठेवा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओट्यावर तूप घट्ट राहतच नाही. तेव्हा तूपही आधी फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या आणि हे काम सकाळीच उरका. तूप वितळलेले असेल तर कुकीज भाजताना पसरून पातळ पापड्या होतात.

भाजणे

ओव्हन १७० अंशांवर पंधरा मिनिटे तापवा. लिंबाएवढे गोळे करून सेंटीमीटरभर जाडीचे थापा. पीठ नीट जमले असेल तर या कुकीज फारशा पसरत नाहीत, त्यामुळे जो आकार द्याल तोच राहील. मधल्या कप्प्यात १३ ते १४ मिनिटे भाजा. कडा बदामी आणि मध्यभाग बोटाने दाबल्यावर किंचित दबणारा, इथेच बाहेर काढायच्या. कच्च्या वाटतील, पण ट्रेवरच दहा मिनिटांत घट्ट होतात. मध्यभाग कडक होईपर्यंत थांबणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. मग मऊ कुकी विसरा. १८० अंशांच्या वर जाऊ नका, गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो.

ओव्हन नसेल तर जाड कढईत दोन सेंटीमीटर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवून झाकणासह दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा आणि मग मंद आचेवर १८ ते २० मिनिटे भाजा. झाकणाची वाफ कुकीवर ठिबकू नये म्हणून झाकणाला फडके बांधा, टोके मात्र वर घ्या. लोंबती ठेवली तर पेट घेतील.

भोपळ्याऐवजी गाजर याच पद्धतीने चालते. बीटही चालते, पण रंग लगेच चुगली करतो. दुधीच्या वाटेला जाऊ नका, आटवल्यावर हाती फारच थोडे उरते. भोपळा आणि गूळ मात्र घारग्यांपासूनच जमलेली जोडी आहे, वेलची घातली की भाजीचा संशयही येत नाही. शाळेच्या डब्यात देताना शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले कोणी वर्गात नाही ना, ते पाहा. शेंगदाणे वगळले तरी बाकी प्रमाण तेच.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. ओलावा असल्यामुळे या कुकीज बिस्किटांसारख्या टिकत नाहीत: बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच, फ्रीजमध्ये पाच दिवस. जास्त करायच्या असतील तर थापलेले कच्चे गोळे डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तसे, न वितळवता, दोन मिनिटे जास्त भाजा.